ब्यूफर्टला राहायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, शिकागो, बे एरिया इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून हल्ली वरचेवर फोन येतात, की मुलं मोठी झाली, बर्फ उपसायचा कंटाळा आला, साऊथमध्ये समुद्राजवळ एखादं छोटं गाव बघतोय, ब्यूफर्ट कसं आहे? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलंय. मला हे गाव मनापासून आवडतं आणि इथे येणारी माणसं टिकावीत असं वाटतं, म्हणून जे अवघड आहे तेही स्पष्ट लिहिलंय.

हे ब्यूफर्ट नक्की कुठे आहे?

साऊथ कॅरोलायनाच्या अगदी खालच्या टोकाला, पोर्ट रॉयल नावाच्या बेटावर. १७११ साली वसलेलं, राज्यात चार्ल्सटननंतरचं सगळ्यात जुनं शहर, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेतेरा हजार. सवानाचा एअरपोर्ट तासाभरावर, चार्ल्सटन दीड तासावर, अटलांटा साडेचार-पाच तास. नॉर्थ कॅरोलायनातही याच स्पेलिंगचं एक किनाऱ्यावरचं गाव आहे, त्यामुळे घरांच्या जाहिराती बघताना राज्य नीट बघा.

बीच घरापासून चालत जाण्याएवढा जवळ असतो का?

नाही, आणि इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. ब्यूफर्टच्या समोर उघडा समुद्र नाहीये, नदी, खाड्या आणि मैलोन्मैल पसरलेलं खाजण आहे. कोकणातल्या माणसाला ते बघताक्षणी कळतं, भरतीला सगळं काठोकाठ भरलेलं आणि ओहोटीला काळा चिखल उघडा, त्याचा तो वास, कडेला कालवांचे झुबके. दिवसातून दोनदा पाणी सात-आठ फूट वर-खाली होतं, उधाणाला त्याहून जास्त. या भागात किनारा आत वळलेला आहे आणि त्या वाटीत भरतीचं पाणी चढत जातं, म्हणून फ्लोरिडात किंवा नॉर्थ कॅरोलायनात दिसते त्यापेक्षा इथली भरती मोठी.

वाळूचा किनारा हवा असेल तर हंटिंग आयलंड स्टेट पार्कला जायचं, गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. तिथलं दीपगृह मुद्दाम बघा. आधीचं दीपगृह अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलं, मग १८७५ साली नवीन बांधताना ओतीव लोखंडाच्या सुट्या होणाऱ्या प्लेट्स वापरल्या, कारण किनारा झिजतोय हे तेव्हाच माहीत होतं, आणि १८८९ मध्ये खरंच अख्खं दीपगृह उचलून मैलभराहून जास्त आत हलवावं लागलं. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिथे घेऊन जाते, मग रिअल इस्टेट एजंटकडे.

घरात पाणी शिरतं का?

कुठलं घर यावर अवलंबून आहे, आणि दोन शेजारच्या घरांचं उत्तर वेगळं असू शकतं. इथे व्ह्यू बघून घर घेऊ नका, उंची बघून घ्या. सगळ्यात आधी फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या) फ्लड मॅपवर पत्ता टाकून झोन बघा. एई आणि व्हीई हे धोक्याचे, त्यातला व्हीई म्हणजे लाटांचा मारही बसणार. एक्स झोन म्हणजे धोका कमी, धोका नाही असं नव्हे. मग एलेव्हेशन सर्टिफिकेट मागा, त्यात घराचा सगळ्यात खालचा मजला पुराच्या अपेक्षित पातळीच्या किती वर किंवा खाली आहे ते लिहिलेलं असतं. विकणाऱ्याला पूर्वी फ्लड क्लेम केलाय का असं सरळ लेखी विचारा.

याशिवाय एक काम असं आहे जे कुठलाच नकाशा करून देत नाही, ते म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्या घराच्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. घर उंचावर आहे पण घराकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो अशी उदाहरणं आहेत, आणि त्यात पाऊस आला तर गटाराचं पाणी ओसरायला जागाच राहत नाही. वेळ भरतीच्या तक्त्यात बघूनच जा. एजंट ओहोटीला घर दाखवेल तर तुम्ही भरतीला परत जाऊन बघा.

जुनी घरं बहुतेक जमिनीपासून उचललेली असतात, खाली वारा खेळायला जागा, ती कल्पना उत्तम होती. त्या खालच्या जागेत ओल, बुरशी आणि वाळवी बघायला वेगळा माणूस लावा. वाळवी इथे घरोघरची गोष्ट आहे. विक्रीच्या वेळी सीएल-१०० नावाचं पत्र मिळतं, त्यात वाळवी आणि लाकूड कुजण्याचा रिपोर्ट असतो, तो पूर्ण वाचा, नुसती सही बघू नका.

इन्शुरन्स खरंच इतका महाग आहे का?

हो, आणि एक नाही, किनाऱ्याजवळ बऱ्याचदा तीन पॉलिसी लागतात. साध्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं. पुरासाठी एनएफआयपी ही सरकारी योजना आहे, त्यात घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात, त्यापेक्षा घर महाग असेल तर वरचा भाग खाजगी कंपनीकडून घ्यायचा. नवीन पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घेऊन काही उपयोग नाही (कर्ज घेऊन घर घेताना त्याच वेळी काढली तर ही अट नसते). २०२१ पासून प्रीमियम ठरवायची पद्धत बदलली, आता झोनबरोबर पाण्यापासूनचं अंतर, घराची उंची, बांधायचा खर्च असं प्रत्येक घराचं वेगळं गणित होतं, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. विकणाऱ्याची चालू एनएफआयपी पॉलिसी आपल्या नावावर करून घेता येते आणि कधी कधी त्यात चांगली बचत होते, हे मुद्दाम विचारा.

तिसरी पॉलिसी वारा आणि गारांची. किनाऱ्याच्या पट्ट्यात काही कंपन्या हा भाग पॉलिसीतून वगळतात, मग राज्याच्या विंड पूलमधून घ्यावी लागते. यातलं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा पहिला वाटा, टक्क्यांत असतं. घर ४,००,००० डॉलरला इन्शुअर्ड असेल आणि नाव दिलेल्या वादळासाठी ५ टक्के डिडक्टिबल असेल तर पहिले २०,००० डॉलर तुमच्या खिशातून, तेवढी रक्कम बाजूला ठेवणं जमणार नसेल तर ते घर तुम्हाला परवडत नाही असंच मी म्हणेन. ऑफर देण्याआधी तिन्हींचे कोट हातात पाहिजेत, नंतर नाही.

हरिकेन आलं तर काय करता?

निघून जातो. राज्यपालांनी इव्हॅक्युएशनचा हुकूम दिला की वाद घालायचा नाही, बेटांवरून बाहेर पडायला रस्ते मोजकेच आहेत. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू आलं, सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा लांबून फ्लोरिडातून गेलं तरी भरतीच्या वेळेमुळे इथे पाणी चढलं. जुन्या लोकांच्या घरात अजून २७ ऑगस्ट १८९३ च्या वादळाची आठवण सांगतात, या बेटांवर आणि आसपास किमान २००० माणसं गेली असा अंदाज आहे, बहुतेक सगळी गुलामगिरीतून स्वतंत्र झालेली कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबं, आणि अमेरिकन रेड क्रॉसची संस्थापक क्लारा बार्टन संस्थेची माणसं घेऊन कित्येक महिने इथे मदतीला होती.

दरवर्षी थेट तडाखा बसतो असं नाही, पण दरवर्षी तयारी करावीच लागते. लांबच्या गावात राहायची सोय आधीच ठरलेली, पासपोर्ट-ग्रीन कार्ड-घराचे कागद एका पिशवीत, घराचे सगळ्या खोल्यांचे फोटो फोनमध्ये. आणि परत यायची घाई होते, पण पूल-रस्ते तपासून होईपर्यंत आत सोडत नाहीत, म्हणून औषधं जास्त दिवसांची घेऊनच निघा.

प्रॉपर्टी टॅक्स कमी आहे म्हणतात, खरं का?

स्वतः राहत्या घराला खरंच कमी. राज्यात राहत्या घराचं असेसमेंट, म्हणजे कर ज्या रकमेवर लागतो ती, किमतीच्या ४ टक्के धरतात आणि शाळेच्या रोजच्या खर्चाचा कर त्याला माफ असतो. भाड्याने दिलेलं किंवा सेकंड होम असेल तर ६ टक्के आणि ती माफी नाही, बिल दुपटीच्या पुढेही जाऊ शकतं. ४ टक्के आपोआप मिळत नाहीत, काउंटीकडे अर्ज करावा लागतो. जाहिरातीत दिसतो तो जुन्या मालकाचा टॅक्स, घर विकलं की किंमत नव्याने धरली जाते, त्यामुळे वीस वर्षं राहिलेल्या आजींचं बिल बघून स्वतःचं बजेट करू नका. गाडीवरही दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स आहे, न्यू जर्सीवाल्यांना हे नवीन असतं. सोशल सिक्युरिटीवर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि ६५ पूर्ण झाल्यावर, राज्यात वर्षभर राहिलेलं असेल तर, घराच्या पहिल्या ५०,००० डॉलरला सूट मिळते.

घराचं क्लोजिंग इथे वकिलामार्फतच होतं. चांगला वकील शोधा, स्वस्त नाही.

नोकरी मिळेल का? मी रिमोट आहे, एच-१बी वर आहे, चालेल का?

गावात नोकऱ्या म्हणजे मिलिटरी, हॉस्पिटल, शाळा, काउंटी, हॉटेलं आणि बांधकाम. पॅरिस आयलंडला मरीन कोअरचं ट्रेनिंग सेंटर आहे आणि शेजारी त्यांचा एअर स्टेशन, पण तिथल्या बऱ्याच कामांना सिटिझनशिप लागते. मोठ्या नोकऱ्या सवानाकडे, म्हणजे पोर्ट, गल्फस्ट्रीमचं विमानांचं काम, ह्युंदाईचा नवीन कारखाना, पण रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत जातात.

एच-१बी वाल्यांनो, हे नीट वाचा. घरून काम करत असाल तर तुमचं घर ही कामाची जागा असते, आणि ती दुसऱ्या मेट्रो भागात गेली की कंपनीला आधी नवीन एलसीए (लेबर डिपार्टमेंटकडचा अर्ज) आणि अमेंडेड पिटीशन फाइल करावं लागतं. मॅनेजर तोंडी हो म्हणाला म्हणून सामान हलवू नका. ग्रीन कार्डसाठी पर्म (लेबर सर्टिफिकेशन) झालेलं असेल तर त्यातलं लोकेशनही बघायला लागतं, कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी उत्तर घ्या.

तिथले लोक आपल्याला सामावून घेतात का? साऊथ आहे म्हणून भीती वाटते.

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. रोजच्या व्यवहारात लोक फार प्रेमळ, अनोळखी माणूस रस्त्यात हात करतो, मुलं मॅम-सर म्हणतात, आणि मिलिटरीमुळे देशभरातून आणि देशाबाहेरून आलेली कुटुंबं गावात असतात म्हणून आपला चेहरा कोणाला नवलाचा वाटत नाही. तुम्ही कुठल्या चर्चला जाता असं विचारतात, त्यात वाकडं काही नसतं, आम्ही हिंदू आहोत म्हटलं की पुढचा प्रश्न जेवणाबद्दल येतो. कधी एखादी टोचणारी गोष्ट ऐकू येते का, तर येते, राजकारणाचे झेंडेही दिसतात. पण मला वाटतं गावाचा इतिहास माहीत करून घेतल्याशिवाय या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही.

यादवी युद्धात ७ नोव्हेंबर १८६१ ला युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या, आरमाराने पोर्ट रॉयलचे किल्ले घेतले, गोरे मळेवाले पळून गेले आणि मागे राहिले हजारो गुलाम, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पश्चिम आफ्रिकेतून आणलं होतं, ज्यांच्या भातशेतीच्या ज्ञानावर आणि कापसाच्या मेहनतीवर हा सगळा किनारा श्रीमंत झाला होता. युद्ध संपायच्या कितीतरी आधी इथे त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, सेंट हेलेना बेटावरचं पेन स्कूल १८६२ चं, तेच आज पेन सेंटर. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी तिथे शिबिरांसाठी येऊन राहत. आणि रॉबर्ट स्मॉल्स! याच गावात १८३९ साली गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातून कॉन्फेडरेटांचं, म्हणजे दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचं, प्लँटर हे जहाजच घेऊन निघाला, बायकामुलांसकट, फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून नेऊन युनियनच्या हवाली केलं, आणि पुढे प्रिन्स स्ट्रीटवरचं तेच घर विकत घेतलं जिथे तो आणि त्याची आई मालकाचे गुलाम होते. पाच वेळा काँग्रेसवर निवडून गेला. हे सगळं आता रिकन्स्ट्रक्शन इरा (युद्धानंतरचा पुनर्बांधणीचा काळ) नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये सांभाळलं जातं. नवीन आलेल्यांनी पहिल्या आठवड्यात तिथे जावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मग शेजारी कोण, कोणाचं गाव आहे, आपण कुठे येतोय, ते कळतं.

सेंट हेलेना बेटावर स्वस्त जमीन मिळतेय, घेऊ का?

थांबा. त्या बेटावर गला गीची लोकांची वस्ती आहे, वर लिहिलेल्या त्याच कुटुंबांची पुढची पिढी, त्यांची स्वतःची भाषा, गाणी, टोपल्या विणायची कला. युद्धानंतर त्यांच्या पूर्वजांनी ही जमीन विकत घेतली, पण बऱ्याच जणांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे आज एका तुकड्यावर चाळीस-पन्नास वारसांचा हक्क असू शकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर सगळ्या चुलत-मावस भावंडांची नावं असतात ना, तसंच, फक्त इथे बऱ्याचदा नावंसुद्धा कागदावर नसतात. पूर्वी कोणीतरी एका लांबच्या वारसाचा हिस्सा घ्यायचं, कोर्टात वाटणीचा दावा लावायचं आणि अख्खी जमीन लिलावात स्वस्तात उचलायचं. २०१६ मध्ये राज्याने कायदा करून बाकीच्या वारसांना आधी तो हिस्सा विकत घ्यायची संधी आणि नीट मूल्यांकन मिळेल अशी तरतूद केली, त्याने फरक पडला पण जमीन जायची थांबलेली नाही.

काउंटीने १९९९ पासून त्या बेटावर सांस्कृतिक संरक्षणाचा नियम लावलाय, त्यात गोल्फ कोर्स, रिसॉर्ट आणि गेट लावलेल्या वसाहतींना बंदी आहे. २०२३ मध्ये एका गोल्फ प्रकल्पासाठी तो बदलायची मागणी झाली तेव्हा बेटावरची माणसं शेकड्याने मीटिंगला आली आणि काउंटीने मागणी फेटाळली. शेजारच्या हिल्टन हेड बेटाचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे, १९५६ मध्ये पूल झाला आणि मग रिसॉर्ट, टॅक्स, गेट, स्वतःच्या पूर्वजांच्या कबरींना भेटायला गेटवर पास घ्यायची वेळ. तेव्हा जमिनीचा भाव फार कमी दिसला तर त्याचं कारण शोधा, वकिलाकडून टायटल मागपर्यंत तपासून घ्या, आणि ज्या व्यवहारात एखाद्या कुटुंबाची जमीन जबरदस्तीने सुटतेय असं दिसेल त्यात पडू नका. आपण जमीन म्हणजे काय असते ते जाणणारे लोक आहोत. ब्यूफर्ट, पोर्ट रॉयल, लेडीज आयलंड इथे घरं भरपूर आहेत.

लेडीज आयलंडला राहिलं तर ट्रॅफिकचं काय?

गावातून तिकडे जाणारा जुना पूल फिरणारा आहे, होड्यांना वाट द्यायला उघडतो आणि तेवढा वेळ गाड्या उभ्या. दुसरा उंच पूल दक्षिणेला आहे. घर बघताना तुम्ही कुठल्या पुलावरून जाणार ते बघा, बाकी ट्रॅफिक न्यू जर्सीच्या मानाने काहीच नाही.

विमानांचा आवाज?

येतो, आणि मोठा येतो. एफ-३५बी ही लढाऊ विमानं उडतात. एअर स्टेशनभोवती आवाजाचे आणि अपघाताच्या शक्यतेचे झोन आखलेले आहेत, घर त्यात असेल तर कागदावर कळवावं लागतं. कामाच्या दिवशी दुपारी जाऊन ऐका, रविवारी जाऊन काही कळणार नाही.

शाळा कशा आहेत?

बऱ्या, सगळ्या सारख्या नाहीत. प्रत्यक्ष जाऊन बघा, शिक्षकांशी बोला. नववी-दहावीतल्या मुलाला न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणाहून उचलून इथे आणायचं असेल तर मी दोनदा विचार करा म्हणेन, गणिताचे क्लास, रोबोटिक्स, मराठी शाळा असं काही हाताशी नसतं. लहान मुलांना मात्र इथे फार सुंदर बालपण मिळतं, खेकडे पकडणं, कयाक, सायकल. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू होते.

डॉक्टर-हॉस्पिटल?

गावात हॉस्पिटल आहे, रोजच्या गोष्टींना पुरतं. मोठा अपघात किंवा अवघड ऑपरेशन असेल तर सवाना नाहीतर चार्ल्सटन, लेव्हल वन ट्रॉमा सेंटर तिथे आहेत. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच्या गावातल्या डॉक्टरकडून सगळे रिपोर्ट आणि औषधांचे रिफिल घेऊनच या. हार्टचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तासाभराचं अंतर हा विषय हलका घेऊ नये.

हवा आणि किडे?

जुलै-ऑगस्टमध्ये ३२-३३ अंश आणि मुंबईसारखा घाम, हिवाळा मस्त, एखाद्या रात्री गोठतं. जानेवारी २०१८ आणि जानेवारी २०२५ मध्ये बर्फही पडला. डास आहेतच पण खरा त्रास डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिलटांचा, वसंतात आणि शरदात संध्याकाळी वारा पडला की चावून हैराण करतात. तळ्यात मगरी असतात, त्यांना खायला घालणं गुन्हा आहे, कुत्रं आणि लहान मूल काठावर मोकळं सोडू नका.

आपलं जेवण, किराणा?

मोठा किराणा सवानाला. पण कोलंबी थेट होडीवरची, चिंबोऱ्या, थंडीत कालवं, सेंट हेलेनाच्या शेतांवरचे टोमॅटो. भात आणि भेंडी इथल्या लोकांचं रोजचं खाणं, गला घरातला लाल भात खाऊन बघा. जाळं टाकायला, मासे पकडायला राज्याचं लायसन्स लागतं. कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यातून गाडीत घालून आणू नका, लिंबाच्या झाडांच्या रोगामुळे त्याच्या वाहतुकीवर बंधनं आहेत. पानं दुकानातून आणून फ्रीजरमध्ये ठेवा.

मराठी माणसं आहेत का? गणपती वगैरे?

फारच थोडी. काही भारतीय डॉक्टर कुटुंबं, मोटेलवाले गुजराती. मोठं महाराष्ट्र मंडळ हवं तर अटलांटा किंवा शार्लट, दर वीकेंडला जमणारं नाही. दर आठवड्याला मराठी गप्पा, नाटक, भजन हे ज्यांना श्वासासारखं लागतं त्यांनी इथे येऊ नये, मला कितीही आनंद झाला असता तरी. घरी गणपती बसवा, शेजाऱ्यांना आरतीला बोलवा, येतात आणि मोदक आवडीने खातात. मूर्ती शाडूची आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा, खाडीत नको.

आई-बाबा सहा महिने येऊन राहतात, त्यांना करमेल का?

गाडी चालवत नसतील तर घर गावाच्या मध्यात घ्या, बे स्ट्रीटच्या आसपास, नाहीतर स्पॅनिश मॉस ट्रेलला लागून. जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेला तो सपाट रस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो, मध्ये खाजणावरून पूल आहेत. लांबच्या कॉलनीत घर घेतलंत तर ते दिवसभर घरात अडकतील.

मग आधी भाड्याने की सरळ विकत?

भाड्याने, एक पूर्ण वर्ष, आणि सुरुवात जूनमध्ये करा. एप्रिलमध्ये अझेलिया फुललेल्या असताना आलेला माणूस लगेच सही करून टाकतो. उन्हाळा, वादळांचा सीझन आणि शरदातल्या उधाणाच्या भरत्या बघून झाल्यावरही आवडलं तर निवांत घ्या. लीजमध्ये वादळात घर राहण्याजोगं नसेल तर भाड्याचं काय ते लिहून घ्या, आणि रेंटर्स इन्शुरन्सबरोबर सामानापुरतं फ्लड कव्हर घ्या, भाडेकरूला मिळतं.

आल्यावर पहिली कामं कोणती?

गाडीचं रजिस्ट्रेशन ४५ दिवसांत, त्याआधी काउंटीत गाडीचा टॅक्स भरून पावती घ्यावी लागते, आणि बाहेरून आणलेल्या गाडीला २५० डॉलरची एकदाच भरायची फी आहे. ड्रायव्हिंग लायसन्स ९० दिवसांत. व्हिसावर असाल तर डीएमव्हीला जाताना आय-९४, पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे सगळं मूळ कागदांसकट न्या, आणि पत्ता बदलल्याचं यूएससीआयएसला १० दिवसांत कळवा.